भाऊगर्दी आणि काला अंब

निवडणुका जवळ आल्या की मराठी वर्तमानपत्रांत 'भाऊगर्दी' हा शब्द हटकून दिसू लागतो. एका जागेसाठी दहा-पंधरा इच्छुक तयार झाले, की 'उमेदवारांची भाऊगर्दी' हा मथळा ठरलेला. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा फलकांवर हात जोडून उभे असलेले गल्लीतले भाऊ-दादा येतात आणि भाऊबंदकीतला भाऊ तो हाच, असा समज होतो. या शब्दातला भाऊ मात्र एकच आहे: चिमाजी अप्पांचा मुलगा सदाशिवराव, पेशवाईतले भाऊसाहेब. त्यांची गर्दी झाली ती १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतच्या रानात. गोंधळ, दाणादाण, अंदाधुंदी, बजबजपुरी, बेबंदशाही अशा शब्दांची मराठीत वाण नाही. पण त्यांतल्या कशालाही इतका नेमका दिवस आणि इतकी नेमकी जागा चिकटलेली नाही.

ती जागा आज 'काला अंब' म्हणून दाखवली जाते. दिल्लीच्या उत्तरेला नव्वदेक किलोमीटरवर पानिपत आणि त्या शहरापासून आठेक किलोमीटरवर शेतांच्या मधोमध हे स्मारक. विटांचा एक स्तंभ, त्याच्या माथ्यावर लोखंडी दांडा, भोवती कठडा आणि इंग्रजी-उर्दूतला छोटा लेख. पंजाब-हरियाणाच्या बोलींत आंब्याला 'अंब' म्हणतात. येथे आंब्याचे एक जुने झाड होते. रणात सांडलेल्या रक्ताने त्याची मुळे भिजली आणि झाड काळे पडले, अशी दंतकथा आहे. दाट पानांमुळे ते दुरून काळे दिसे, हा दुसरा खुलासा साधा असला तरी अधिक पटणारा आहे. पुढे झाड वाळले, तोडले गेले, आणि त्याच्या लाकडापासून केलेला कोरीव दरवाजा पानिपतच्या संग्रहालयात राहिला. हिमाचल प्रदेशात सिरमौर जिल्ह्याच्या सीमेवर काला अंब नावाचे एक कारखान्यांचे गावही आहे. त्याचा या लढाईशी संबंध नाही, हे नकाशावर वाट शोधणाऱ्या मराठी प्रवाशाने आधीच लक्षात घेतलेले बरे.

'भाऊगर्दी'तली गर्दी पुण्याची नाही, दिल्लीची आहे. फारसीत 'गर्द' म्हणजे धूळ आणि 'गर्दी' म्हणजे फिरणे, चक्र उलटणे. अठराव्या शतकात दिल्लीकरांवर एकामागून एक संकटे आली आणि प्रत्येकाला त्यांनी याच साच्यात नाव दिले. १७३९ साली नादिरशाहाने कत्तल केली ती नादिरगर्दी. १७५३ साली सूरजमल जाटाच्या फौजेने जुनी दिल्ली लुटली ती जाटगर्दी. अफगाण बादशहा अहमदशाह अब्दालीच्या स्वाऱ्या त्या शाहगर्दी. या साच्यात 'गर्दी'च्या आधी येणारे नाव नेहमी करणाऱ्याचे असते, भोगणाऱ्याचे नसते. त्या न्यायाने भाऊगर्दी म्हणजे भाऊने केलेला कहर. मराठीत मात्र तिचा अर्थ नेमका उलटा झाला: भाऊवर कोसळलेला कहर. शब्द एकच, पण यमुनेच्या काठी आणि मुळा-मुठेच्या काठी त्यातला कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल झालेली आहे.

दिल्लीकरांना भाऊवर राग धरायला कारणही होते. निजामावरच्या उदगीरच्या विजयानंतर मार्च १७६० मध्ये परतूरहून निघालेल्या फौजेने ऑगस्टच्या आरंभी दिल्ली घेतली, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. फौजेचा पगार भागवण्यासाठी भाऊंनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याची नाणी पाडली. पुण्याच्या हिशेबात ती नाइलाजाची तजवीज होती. दिल्लीच्या आठवणीत ती लुटीतच जमा झाली.

मराठी कागदपत्रांत आणि बखरींत 'गर्दी' म्हणजे माणसांची दाटी नव्हे. तो चकमकीचा, कापाकापीचा शब्द आहे. 'गर्दीस मिळणे' म्हणजे धुळीला मिळणे, ठार होणे. 'गारदी' हा शब्द यापासून वेगळा. तो युरोपीय भाषांतल्या 'गार्ड'वरून आला आणि कवायती पायदळाला लागला. पानिपतावर तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झाला म्हणून गारदी. इंग्रजी पुस्तकांत दोन्ही शब्दांची अक्षरे सारखीच लिहिली जातात, त्यामुळे केवळ इंग्रजी वाचणाऱ्याला इब्राहिमखान आणि भाऊगर्दी यांचे काही नाते असावे असे वाटते. तसे ते नाही.

ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा जिंकले. त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्ली आणि मराठे यांच्या मध्ये आला. नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा पानिपताजवळ समोरासमोर अडीच महिने बसून होत्या. मराठ्यांकडे लढणारे किती, यावर मतभेद आहेत. बहुतेक अभ्यासक ४५ ते ६० हजारांच्या दरम्यानचा आकडा धरतात. त्यांच्याबरोबर न लढणारी माणसेही प्रचंड संख्येने होती: बायका, मुले, तीर्थयात्रेच्या आशेने आलेले लोक, व्यापारी, नोकरचाकर, म्हणजेच बाजारबुणगे. आज हा शब्द शिवीसारखा वापरतात. तेव्हा तो सामानसुमान आणि बिनलढाऊ माणसे या अर्थाचा छावणीतला रोजचा शब्द होता. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले, रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि दाणागोटा संपत आला. शेवटी ठरले की सर्व बिनलढाऊ लोकांना मध्ये घेऊन गोल रचायचा आणि तोफांच्या आडोशाने सरकत बाहेर पडायचे. गोलाची लढाई शिस्तीवर चालते. मराठी सरदारांची बहुतेक हयात घोड्यावरच्या गनिमी काव्यात गेलेली.

१४ तारखेच्या सकाळी डाव्या बगलेला इब्राहिमखानाच्या तोफा आणि बंदुकांनी अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या रोहिल्यांची फळी मोडत आणली. त्याच्या पाठीशी विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांची घोडदळे होती. पायदळाने वाट करून दिल्याशिवाय हलायचे नाही, असे त्यांना सांगितले होते. रोहिले मागे हटताना दिसताच घोडी पुढे सुटली आणि इब्राहिमखानाच्या तोफांच्या तोंडापुढेच आली. आपलीच माणसे समोर म्हणून तोफा थंडावल्या, रोहिल्यांना सावरायला वेळ मिळाला आणि घोडेस्वार मार खाऊन परतले. दिवसाचा पहिला गोंधळ हा, आणि तो विजयाच्या क्षणी झाला.

मध्यभागी भाऊंच्या हुजुरातीने अब्दालीचा वजीर शाहवली खान याच्या फौजेला जोराचा धक्का दिला. त्या क्षणाचा साक्षीदार शत्रूच्या बाजूला होता आणि तो दख्खनी ब्राह्मण होता: अब्दालीला मिळालेला अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेला काशीराज पंडित. त्याने १७८० मध्ये फारसीत लिहिलेली हकिकत पुढे जेम्स ब्राऊनने इंग्रजीत आणली. धुरळ्यामुळे शुजाला शेजारची फळी दिसेनाशी झाली, आणि तिकडचा माणसा-घोड्यांचा आवाज एकाएकी मंदावला म्हणून त्याने काशीराजाला पाहायला पाठवले. काशीराजाला वजीर सापडला तो घोड्यावरून उतरून जमिनीवर, चिलखतासकट, पळणाऱ्या आपल्याच माणसांना दूषणे देत. आपला मुलूख दूर आहे, पळून जाणार कुठे, असे तो त्यांना विचारत होता.

हे दृश्य मराठी कथनांत फारसे ठळक होत नाही, आणि ते व्हायला हवे. दुपारपर्यंत दाणादाण उडाली होती ती दोन्ही बाजूंची. फरक गोंधळात नव्हता. गोंधळ उलटवण्याच्या सोयीत होता. अब्दालीकडे नसकची, म्हणजे पळणाऱ्यांना मारून-झोडून पुन्हा रांगेत ढकलणारे शिपाई होते, आणि ताज्या दमाची राखीव फौज होती. उंटांवर बसवलेल्या हलक्या तोफा म्हणजे जंबूरकेही होती. भाऊंकडे राखीव असे काही उरले नव्हते. सगळा जोर पहिल्या घावातच लावलेला होता.

दुपारी विश्वासरावाला गोळी लागली. पेशव्याचा हा मुलगा नावाचा सरसेनापती होता. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले आणि रिकामी अंबारी फौजेने पाहिली. कुंजपुऱ्याला हाती लागलेले काही अफगाण विंचूरकरांकडे चाकरीला होते. ओळखीसाठी बांधलेल्या भगव्या पट्ट्या त्यांनी फेकून दिल्या आणि आतूनच लूट सुरू केली, असेही सांगतात. उजव्या बगलेचे मल्हारराव होळकर निघून गेले, जनकोजी शिंदे कैद झाले. मध्ये घेतलेले बाजारबुणगे आता पळणाऱ्या फौजेच्या वाटेत आले, आणि गोलाचा अर्थच संपला. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी जी कत्तल झाली ती प्रामुख्याने या लोकांची.

भाऊंचे नेमके काय झाले हे मराठी फौजेतल्या कुणाला ठाऊक नव्हते. विश्वासरावाचे शव सापडले. शुजाच्या मध्यस्थीने, अनुपगीर गोसावी आणि काशीराज यांच्या खटपटीने त्याला अग्नी मिळाला. भाऊंचे म्हणून जे धड सापडले ते शिर नसलेले होते. ओळख पटली असे काशीराज लिहितो, पण पुण्याची समजूत पटली नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. भाऊ साधू होऊन राहिले, ही समजूत हरियाणात रोहतकजवळच्या सांघी गावी अजून ऐकायला मिळते. या संशयाच्या धुरळ्यातूनच तोतया उभा राहिला. बुंदेलखंडाकडचा हा कनोजा ब्राह्मण भाऊ म्हणवून घेऊ लागला, पकडला जाऊन रत्नागिरीला कैदेत पडला, १७७६ साली तिथून बाहेर येऊन त्याने कोकणचे किल्ले घेतले आणि त्याच वर्षाअखेरीस पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर लिहिले. 'तोतया' हा शब्द जुना, पण मराठीत त्याला पहिला चेहरा भाऊंच्याच नावाने मिळाला.

बातमी दक्षिणेत पोचली तीही सांकेतिक भाषेत. नानासाहेब पेशवे भेलशाला असताना २४ जानेवारीच्या सुमारास सावकारी वळणाचे एक पत्र हाती आले: मोत्ये दोन गळाली, मोहरा सत्तावीस गेल्या, आणि रुपये-खुर्द्याची तर मोजदादच नाही. मोत्ये म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. पेशव्यांनी त्या धक्क्यातून डोके वर काढले नाही. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

या एका दिवसाने मराठीला दिलेल्या शब्दांची यादी केली तर काही घोटाळेही बाहेर येतात. अब्दालीच्या फौजेला बखरकार सरसकट 'गिलचे' म्हणतात. गिलचा हे गिलजई टोळीचे मराठी रूप. अब्दाली किंवा दुर्राणी ही गिलजईंची प्रतिस्पर्धी टोळी. मराठी माणसाला हा भेद करण्याची गरज वाटली नाही, आणि गिलचा म्हणजे क्रूर लुटारू असा अर्थ रूढ झाला. 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचारही पानिपताशी जोडला जातो, कारण आज संक्रांत १४ जानेवारीला येते. पण संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढे सरकते. अठराव्या शतकाच्या मध्याला ती १० जानेवारीच्या आसपास होती. संक्रांतीला जे मराठी रक्त सांडले ते एक वर्ष आधी, १० जानेवारी १७६० रोजी, यमुनेच्या बुराडी घाटावर. तिथे दत्ताजी शिंदे पडले. तो घाट आज दिल्ली शहराच्या उत्तर कडेला आहे. 'विश्वास पानिपतात गेला' ही म्हण मात्र निखळ कोटी आहे, आणि उधारी मागणाऱ्याला दुकानदार ती ऐकवतो तेव्हा विश्वासराव कुणालाच आठवत नाहीत.

लढाईच्या रानात राहणाऱ्या शेतकऱ्यांकडे 'भाऊगर्दी' हा शब्द दुसऱ्याच वाटेने पोचला. त्यांच्या लेखी १७६१ हा एक दिवस नव्हता; पुढच्या चाळीसेक वर्षांची ती सुरुवात होती. अब्दाली परत गेला, शीख सरदार आले, महादजी शिंद्यांच्या काळात मराठे पुन्हा आले, १७८३ चा चालीसा दुष्काळ पडला, हांसीला जॉर्ज टॉमस नावाच्या आयरिश शिपायाने स्वतःचे राज्य मांडले, आणि १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने हा मुलूख कंपनीकडे गेला. कोणाच्या तरी घोड्यांनी उभे पीक तुडवले नाही असा हंगाम विरळा. १८७० च्या दशकात डेन्झिल इबेट्सन नावाचा अधिकारी पानिपत तहसील आणि कर्नाल परगण्याची जमीनमोजणी व साराआकारणी करत हिंडला. तेव्हा त्या काळाची दोन नावे त्याला लोकांच्या तोंडी मिळाली: 'सिंघाशाही का राम रौला', म्हणजे शिखांच्या अमलातला गोंधळ, आणि 'भाऊगर्दी'. या दुसऱ्या नावात नादिरगर्दीचाच साचा आहे. मराठे इथे गर्दी करणारे आहेत. मराठी वाचकाला हे कडू लागते, पण शेतातून जाणारी फौज शेतकऱ्याला आपली कधीच नसते. भाऊबद्दल हळहळही त्याच मुलखात होती. काळिकारंजन कानूनगो यांनी हिंदीतल्या भाऊच्या पवाड्याचा एक तुकडा प्रसिद्ध केला, तो याच लोकगायनाच्या परंपरेतला. एकाच गावात भाऊ वीर होता आणि भाऊगर्दी शिवी होती.

इबेट्सनला हे शब्द इंग्रजीत न्यायचे होते. 'राम रौला'साठी त्याने 'हर्ली-बर्ली' निवडला आणि भाऊगर्दीला 'मराठा ॲनार्की' केले. निवड विचार करण्याजोगी आहे. 'हर्ली-बर्ली' हा सोळाव्या शतकापासूनचा यमकी शब्द. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये चेटकिणी लढाईच्या हलकल्लोळाला तोच वापरतात. आपल्या 'गडबड-गोंधळ', 'धावपळ-पळापळ' यांच्या जातीचा हा शब्द, त्यामुळे रौल्याच्या आवाजाशी जुळतो. 'ॲनार्की' मात्र ग्रीक, पुस्तकी: राज्यकर्ता नसणे. 'भाऊ' या नावातला माणूस त्यात उरत नाही, राहते ती फक्त राज्याची अवस्था. साराआकारणीच्या अहवालाला तेच सोयीचे होते, कारण अराजक म्हटले की त्यानंतर आलेले राज्य आपोआप सुव्यवस्था ठरते.

इंग्रजीतले गोंधळाचे बरेच शब्द असेच ठरावीक ठिकाणांतून आणि रक्तपातातून निघालेले आहेत. 'हॅवॉक' ही मुळात सैन्याला लुटीची मोकळीक देणारी आरोळी. ती परवानगीशिवाय देणाऱ्याला १३८५ मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या लष्करी आज्ञापत्राने देहदंड ठरवला. आज इंग्रजीत पाऊसही हॅवॉक घालतो. 'बेडलम' म्हणजे लंडनचे १२४७ साली स्थापन झालेले बेथलेम रुग्णालय, जिथे वेड्यांना ठेवत. 'पँडेमोनियम' ही मिल्टनने १६६७ च्या महाकाव्यात बांधलेली सैतानांची राजधानी. पण भाऊगर्दीचा खरा जुळा 'शॅम्बल्स' आहे. खाटकांची फळकुटे, मग मांसबाजार, मग कत्तलीची जागा, आणि विसाव्या शतकात नुसता पसारा: पोरांच्या खोलीला आज शॅम्बल्स म्हणतात. यॉर्कमधल्या खाटीक गल्लीला हे नाव अजून आहे, पण तिथे फिरणाऱ्याला त्यात रक्त दिसत नाही. भाऊगर्दीही कत्तलीपासून निघून उमेदवारांच्या रांगेपर्यंत अशीच उतरली. जागेच्या नावावरून कुव्यवस्थेचा शब्द होणे मराठीत नवे नाही. 'अनागोंदी' कारभारातली अनागोंदी म्हणजे हंपीसमोरची आनेगुंदी, १५६५ नंतर मोडकळीला आलेल्या विजयनगरची. तिथेही एका लढाईचा मोड आहे, पण वापरणाऱ्याला गाव आठवत नाही.

भाऊगर्दीची धार कशाने गेली, हे सांगता येते. 'गर्दी'चा कापाकापीचा अर्थ मराठीतून मावळला आणि रेल्वे, जत्रा, सिनेमा यांच्या काळात दाटी एवढाच उरला. पराभवाचा अर्थ वाहायला 'पानिपत' हा दुसरा शब्द होताच. परीक्षेत, निवडणुकीत, क्रिकेटमध्ये 'पानिपत झाले' म्हणणे रूढ झाले. विसाव्या शतकात मराठी माणूस पानिपताकडे पुन्हा बारकाईने पाहू लागला: त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ साली इंग्रजीत या लढाईचा अभ्यास प्रसिद्ध केला, १९८८ साली विश्वास पाटलांची 'पानिपत' ही कादंबरी आली, आणि १४ जानेवारीला काला अंबला महाराष्ट्रातून माणसे जमू लागली. तिथे येणाऱ्यांना भेटायला हरियाणातले रोड समाजाचे लोकही येतात. आपण पानिपतातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत, असे त्यांच्यापैकी अनेक जण सांगतात. इतिहासकारांत त्यावर एकमत नाही. पण या सगळ्यात 'भाऊगर्दी' हा शब्द परत आला नाही. स्मारकाच्या भाषणांत शौर्य असते, पराभव असतो; गर्दी असते ती मंडपात.

'रौला' या शब्दाची मात्र पानिपतातली कामगिरी संपलेली नव्हती. १९४७ साली शहरातले मुसलमान पाकिस्तानात गेले आणि पश्चिम पंजाबातले निर्वासित येऊन राहिले. आजचे हातमागाचे, घोंगड्या-सतरंज्यांचे पानिपत बरेचसे त्यांनी उभे केले. पंजाबी कुटुंबांत फाळणीच्या दंगलीला 'रौले' म्हणतात, आणि कुणाचा जन्म रौल्यांच्या आधीचा, कुणाचा नंतरचा, असा हिशेब वडीलधारी मंडळी अजून मांडतात.